गर्दुल्ल्यांना आत टाका, असं म्हणण्याआधी

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाची बैठक होती. विषय एकच होता. संडासामागच्या मोकळ्या जागेत संध्याकाळ झाली की पोरं बसतात, नशा करतात, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना त्रास होतो. पोलिसांना निवेदन द्यायचं ठरलं. मजकूर मीच लिहिला: 'या गर्दुल्ल्यांना ताबडतोब अटक करून तुरुंगात टाका.' पन्नासेक बायकांनी भराभर सह्या केल्या, अंगठे उठवले. कागद भाजी विकणाऱ्या एका मावशींपाशी आला आणि तिथेच थांबला.

"ताई, सही करायला माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "माझा पोरगा दोनदा आत जाऊन आला. आत टाकल्यावर पुढं काय होतं, ते मला ठावं आहे. तुम्ही एवढं सांगा, त्यानं माझ्या घरात काय सुधारलं?"

मला उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं मोर्चे काढलेली बाई मी. दारूचे अड्डे फोडायला पुढे, ठाण्यावर धरणं धरायला पुढे. पण मावशींच्या प्रश्नावर मी कागदाची घडी घातली आणि 'पुढच्या बैठकीत बोलू' म्हणून वेळ मारून नेली. त्यानंतर जे वाचलं, जे विचारलं, जे आठवलं, ते आज तुमच्यापुढे मांडते आहे. पटेलच असं नाही. पण या विषयावर आपल्या गटांमध्ये बोलणं व्हायला हवं, असं मला तीव्रपणे वाटतं.

आपला राग खोटा नाही

आधी एक स्पष्ट करते. व्यसनी माणसाच्या घरातल्या बाईनं पोलिसांना बोलवावं, त्यात काही चूक आहे असं मला म्हणायचं नाही. जिच्या घरातली भांडी एकेक करून विकली गेली, जिनं मुलीच्या फीचे पैसे पिठाच्या डब्यात लपवले आणि तेही गेले, जिच्या पाठीवर वळ आहेत, तिला 'तो बिचारा रोगी आहे, समजून घे' असं सांगणं हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. समजून घेण्याचं काम पिढ्यान् पिढ्या बाईच करत आली आहे.

म्हणूनच आपल्या चळवळीनं दारूबंदी लावून धरली. आडव्या बाटलीसाठी गावोगावच्या बायकांनी मतदान केलं, दुकानं बंद पाडली. चंद्रपूरच्या बायकांनी जिल्ह्यात बंदीसाठी कित्येक वर्षं लढा दिला, ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१ मध्ये सरकारनं उठवली. मणिपूरमध्ये तर १९७० च्या दशकात बायका रात्री मशाली घेऊन दारूविरुद्ध रस्त्यावर उतरल्या आणि त्यातूनच 'मैरा पायबी' ही चळवळ उभी राहिली. हा आपला वारसा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण नीट आठवून पाहा. आपला रोख कोणावर होता? गुत्त्यावर, भट्टीवर, दुकानदाराकडून हप्ता खाणाऱ्यावर आणि दारूच्या महसुलावर डोळा ठेवणाऱ्या सरकारवर. पिणाऱ्या नवऱ्याला वर्षभर खडी फोडायला पाठवा, अशी मागणी किती जणींनी केली होती? तो मारत असेल तर मारण्याबद्दल शिक्षा व्हावी, ही आपली मागणी होती. पिण्याबद्दल नव्हे. गर्द, गांजा, एमडी यांच्या बाबतीत मात्र हा फरक आपण विसरून गेलो. कायद्यानं जे आखून दिलं तेच आपण बोलू लागलो.

कायदा आला कसा

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत गर्द आली. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन, ब्राऊन शुगर. आमच्या पिढीनं ती डोळ्यांनी पाहिली. गिरण्या बंद पडत होत्या, पोरं रिकामी होती आणि चांदीच्या कागदावरचा धूर ओढत होती. अनिल अवचटांनी 'गर्द' लिहिलं ते याच काळात. १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं.

त्याआधी वर्षभर, १९८५ मध्ये, संसदेनं अमली पदार्थांचा कायदा केला. अवघ्या काही आठवड्यांत तो मंजूर झाला आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. तोवर गांजाला आणि भांगेला परवान्याची सरकारी दुकानं होती. या कायद्यानं गांजा, चरस, अफू, गर्द, कोकेन सगळं एका दावणीला बांधलं. भांगेची पानं तेवढी वगळली, म्हणून शिवरात्रीला आणि होळीला ती चालते. १९८९ मध्ये कायदा आणखी कडक झाला. जामीन दुरापास्त करणारं कलम ३७ आलं. दुसऱ्यांदा मोठ्या गुन्ह्यात सापडला तर सक्तीची फाशी आली. ही सक्ती घटनाबाह्य असल्याचा निकाल २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंच दिला.

२००१ मध्ये एक शहाणपणाची दुरुस्ती झाली. मालाच्या वजनाप्रमाणे शिक्षा ठरू लागली. गर्द पाच ग्रॅमपर्यंत असेल तर 'अल्प', अडीचशे ग्रॅमहून जास्त असेल तर 'व्यापारी'. गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोहून जास्त असेल तर व्यापारी. पण नुसतं सेवन करणं हा गुन्हा होता तो गुन्हाच राहिला. कलम २७ प्रमाणे हेरॉइन, कोकेन घेतलं तर एक वर्षापर्यंत कैद, इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत.

याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि ते पुरे केले, तर त्याच्यावर खटला चालवला जाणार नाही, असं ते कलम सांगतं. कलम ३९ न्यायाधीशाला मुभा देतं की शिक्षेऐवजी त्याला उपचाराला पाठवावं. म्हणजे दार आहे. पण मावशींच्या मुलाला दोन्ही वेळा हे दार आहे असं कोणी सांगितलं नाही. पोलिसांनी नाही, कोर्टात उभ्या केलेल्या वकिलानं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही. मला ते कलम माहीत नव्हतं.

सापडतो कोण?

पहिल्या वेळी मावशींचा मुलगा एका पुडीसह सापडला. दोन रात्री कोठडीत टर्कीत तळमळला. नशा अचानक तुटली की अंग मोडतं, उलट्या-जुलाब होतात, माणूस गुरासारखा ओरडतो. ज्यांनी ती अवस्था पाहिली आहे त्यांना सांगायला नको. तिसऱ्या दिवशी कोर्टात उभा केला तेव्हा 'कबूल आहे' म्हणाला, कारण कबूल केलं की सुटका होते एवढंच त्याला कोणीतरी सांगितलं होतं. दंड झाला. तो मावशींनी बचत गटाच्या कर्जातून भरला. आठ दिवसांनी तो पुन्हा संडासामागे होता. आता त्याच्या नावावर एक गुन्हा होता आणि सुरक्षारक्षकाची जी नोकरी मिळणार होती ती त्या नोंदीपायी गेली.

ही एकट्या मावशींची कहाणी असती तर मी एवढं लिहिलं नसतं. 'विधी सेंटर' या दिल्लीच्या संस्थेनं मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांपुढच्या २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांतल्या अशा खटल्यांचा अभ्यास केला. दहा हजारांहून अधिक खटले होते आणि ते जवळजवळ सगळे वैयक्तिक सेवनाचे होते, त्यातही बहुतेक गांजाचे. आरोपींनी गुन्हा कबूल केला आणि शिक्षा झाली. आरोपी कोण, तर मोलमजुरी करणारे, झोपडपट्टीत आणि फुटपाथवर राहणारे. उंच इमारतींमध्ये काय चालतं ते आपण जाणतो. पण तिथं बंद दारं असतात. ज्याच्या घराला दार नाही त्याची नशा पोलिसांच्या डोळ्यांपुढे होते. महिनाअखेरीला गुन्ह्यांची संख्या भरायची असली की तोच हाताशी लागतो.

आणि उपचार? दिल्लीच्या 'एम्स'नं केंद्र सरकारसाठी केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातला एक आकडा माझ्या मनातून जात नाही: बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या दर २० माणसांपैकी एकाला उपचार मिळतात. उरलेल्या १९ जणांसाठी आपण काय ठेवलं आहे? मुख्यतः पोलिस चौकी.

आणि घरातली बाई?

दुसऱ्या वेळची हकीकत अधिक वाईट आहे. मुलगा स्वतःच्या नशेपुरते पैसे सुटावेत म्हणून कोणाच्या तरी पुड्या ठेवून घेऊ लागला होता. धाड पडली तेव्हा तो घरात नव्हता. सून होती, कडेवर दोन वर्षांचं पोर. पुड्या सापडल्या चहा-साखरेच्या डब्यांमागे. स्वयंपाकाची जागा कोणाची? बाईची. मग माल कोणाचा? तिचाच.

इथं कायद्याची एक मेख समजून घ्यायला हवी. एरवी फौजदारी खटल्यात आरोपीच्या मनात गुन्ह्याचा हेतू होता हे सरकारला सिद्ध करावं लागतं. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ३५ प्रमाणे तो हेतू होताच असं धरून चालतात. नव्हता, हे आरोपीनं सिद्ध करायचं. 'मला माहीत नव्हतं' किंवा 'मला माहीत होतं, पण बोलले असते तर त्यानं मला जिवंत ठेवलं नसतं,' हे त्या सुनेनं कशानं सिद्ध करावं? साक्षीदार कोण? सासू. आरोपी कोण? नवरा.

माल अल्प प्रमाणापेक्षा थोडा जास्त भरला. व्यापारी नव्हता, त्यामुळे जामीन मंजूर व्हायला अडचण नव्हती आणि तो झालाही. पण जामीनदार कुठून आणायचा? भाड्याच्या झोपडीत राहणाऱ्या बाईसाठी कोण उभं राहणार? माहेरच्यांनी नाव टाकलं. अकरा महिने ती पोराला घेऊन तुरुंगात राहिली. तुरुंगातल्या बाईला सहा वर्षांपर्यंतचं मूल जवळ ठेवता येतं. थोरली मुलगी मावशींकडे राहिली, तिची शाळा सुटली. आजीची भाजीची पाटी आता तीच धरते.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाच्या २०१८ च्या अहवालात म्हटलं आहे की जगभरच्या तुरुंगांतल्या बायकांपैकी सुमारे ३५ टक्के या अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी आत आहेत. पुरुषांमध्ये हे प्रमाण १९ टक्के आहे. या धंद्याच्या मालक बायका नाहीत. त्या सर्वांत खालच्या पायरीवर आहेत. पुडी पोहोचवणाऱ्या, डबा सांभाळणाऱ्या, नवऱ्याच्या सांगण्यावरून पिशवी नेणाऱ्या. त्यांना वरचं कोणी माहीत नसतं, म्हणून सांगून सवलत मिळवण्याजोगं त्यांच्यापाशी काही नसतं.

शिक्षेची ही काठी बाईच्या अंगावर किती दूरपर्यंत येऊ शकते याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टन शहरात १९८९ पासून एका सरकारी वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयात गरोदर बायकांची लघवी त्यांना न सांगता कोकेनसाठी तपासली जाई आणि निष्कर्ष पोलिसांना कळवला जाई. तीस बायकांना अटक झाली. त्यातल्या एकोणतीस काळ्या होत्या. काहींना बाळंत झाल्या झाल्या बेड्या घालून नेलं. उपचारासाठी दवाखान्याची पायरी चढलेल्या बायका या! २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हा प्रकार घटनाविरोधी ठरवला. पण तोवर जो धडा मिळायचा तो मिळाला होता. नशा करत असाल तर डॉक्टरकडे जाऊ नका, हाच तो धडा. आपल्याकडेही बाई व्यसनी असेल तर ती लपते. पुरुषाला निदान घरचे लोक ओढत केंद्रात नेतात. बाईला घराबाहेर काढतात किंवा कोंडून ठेवतात. वर कायद्याची भीती.

पोर्तुगालनं काय केलं

मग दुसरा रस्ता आहे का? जगात काही ठिकाणी तो चालून पाहिला गेला आहे. त्यात सर्वांत जुना आणि सर्वांत तपासलेला अनुभव पोर्तुगालचा.

१९९० च्या दशकात त्या छोट्या देशाची अवस्था भयंकर होती. लोकसंख्या एक कोटी आणि हेरॉइनच्या आहारी गेलेले लोक अंदाजे एक लाख. शंभरात एक. कामगार, डॉक्टर, मध्यमवर्गीय अशी सगळ्यांची मुलं त्यात होती. सुईतून एचआयव्ही पसरत होता. सरकारनं १९९८ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली. त्यात झुआंव गुलांव हे डॉक्टर होते. समितीच्या सल्ल्यावरून नवा कायदा झाला आणि १ जुलै २००१ पासून लागू झाला.

काय होतं त्यात? दहा दिवसांच्या वापरापुरता पदार्थ जवळ सापडला तर तो फौजदारी गुन्हा नाही. पदार्थ जप्त होतो, पण त्या माणसाला कोर्टात नव्हे तर तिघांच्या एका मंडळापुढे जावं लागतं. त्यात कायदा जाणणारी, मानसशास्त्र वा वैद्यक जाणणारी, समाजकार्य करणारी माणसं असतात. टेबलाभोवती बसून बोलणं होतं. व्यसन जडलेलं दिसलं तर उपचाराची वाट दाखवतात, तिथवर पोहोचवतात. व्यसन नसेल तर बहुधा समज देऊन सोडतात. विक्री मात्र पूर्वीसारखाच गुन्हा आहे. दुकानं उघडली नाहीत, परवाने वाटले नाहीत. हा फरक लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे 'गुन्हा न मानणं' म्हणजे 'मोकळं रान देणं' असाच अर्थ लावला जातो.

याला जोडून त्यांनी पैसा ओतला. उपचार केंद्रं, मेथाडोन हे औषध देणाऱ्या फिरत्या गाड्या, स्वच्छ सुया, सुटून आलेल्यांना काम. सुयांचं वाटप १९९३ पासूनच औषधांच्या दुकानांतून चालू होतं, तेही वाढवलं.

परिणाम? नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची नवी लागण २००१ च्या सुमारास वर्षाला हजाराच्या घरात होती, दशकभरानं ती शंभराच्या आत आली. अतिसेवनानं होणारे मृत्यू पश्चिम युरोपात सर्वांत कमी असणाऱ्या देशांमध्ये पोर्तुगालची गणना होऊ लागली. तुरुंगात अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी असलेल्यांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं, ते वीसच्या आसपास उतरलं. देशभर पोरं नशेला लागतील ही जी भीती होती, ती खरी ठरली नाही.

पण तिथंही सगळं आलबेल नाही. आर्थिक संकटानंतर २०१२ मध्ये ही सगळी कामं सांभाळणारी राष्ट्रीय संस्था मोडीत काढली गेली, पैसा आटला. उपचारासाठी थांबावं लागू लागलं. गेल्या काही वर्षांत पोर्तो शहरातून उघड्यावर नशा करण्याच्या तक्रारी वाढल्या. कायदा तोच होता. त्याच्यामागचे हात कमी झाले.

ओरेगॉनचा धडा

याच्या उलट अनुभव अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचा. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या ५८ टक्के मतदारांनी अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणं गुन्हा मानू नये असा कौल दिला. १ फेब्रुवारी २०२१ पासून अंमल सुरू झाला. सापडलेल्याला शंभर डॉलरची पावती द्यायची, दिलेल्या नंबरावर फोन करून आरोग्याची विचारपूस करून घेतली तर दंड माफ. फोन फारच थोड्यांनी केले. उपचारांसाठी ठेवलेला पैसा संस्थांपर्यंत पोहोचायला वर्षाहून अधिक काळ लागला. आणि नेमक्या त्याच काळात फेंटानिल हे हेरॉइनपेक्षा कितीतरी जहाल रसायन तिथल्या बाजारात शिरलं. मृत्यू वाढले, रस्त्यांवर तंबू वाढले, लोक चिडले. १ सप्टेंबर २०२४ पासून राज्यानं ते पुन्हा गुन्हा ठरवलं.

मृत्यू कायद्यामुळे वाढले की फेंटानिलमुळे, यावर संशोधकांचे वाद आहेत. फेंटानिलचा शिरकाव हिशोबात धरला तर कायद्याशी संबंध दिसत नाही, असं सांगणारे अभ्यास आहेत. तरी मी ओरेगॉनच्या बायकांच्या जागी स्वतःला ठेवून पाहते. शाळेच्या वाटेवर सुया पडलेल्या असताना 'संशोधन काय सांगतं' याला काय अर्थ राहतो? पोलिसांना मागे घेतलं आणि त्यांच्या जागी कोणीच आणलं नाही, तर ती जागा रिकामी राहत नाही. तिथं विकणारा येतो. म्हणून नुसतं 'गुन्हा रद्द करा' ही मागणी अपुरी आहे, किंबहुना धोक्याची आहे.

आपल्याच देशातलं मणिपूर

इतक्या लांब जायचं नसेल तर मणिपूरकडे पाहा. म्यानमारच्या सीमेवरून आलेलं हेरॉइन तिथं तरुण सुईनं घेत होते. पकडले जात होते, तुरुंगात जात होते. लपूनछपून एकच सुई चौघे वापरत होते. १९८९ च्या अखेरीपर्यंत त्यांच्यात एचआयव्ही सापडत नव्हता, पुढच्या सहा महिन्यांत तो जवळजवळ निम्म्यांना झाला. त्यांच्या बायकांनी सुई कधी हातात धरली नव्हती. लग्न केलं होतं एवढंच. रोग त्यांच्यापर्यंत आला आणि मग त्यांच्या बाळांपर्यंत.

अटकेनं हे थांबलं नाही. सुया देणं, तोंडानं घ्यायचं पर्यायी औषध देणं, वस्तीत जाऊन बोलणं, ही कामं पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमानंही २००७ नंतर आपली मानली. म्हणजे एक सरकारी खातं सुई देतं आणि दुसरं ती सुई खिशात सापडली म्हणून पकडतं. हा विरोधाभास आजही मिटलेला नाही. २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं स्वतःच सुचवलं होतं की वैयक्तिक सेवनासाठी अल्प प्रमाणात बाळगणाऱ्याला गुन्हेगार मानू नये, उपचारांना पाठवावं. सूचना तशीच पडून आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच बैठकीत येईल: 'बायकोला मारणाऱ्याला सोडायचं काय?' मुळीच नाही. मारणं हा गुन्हा आहेच. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, जुनं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आहे. छेड काढणारा, चोरी करणारा, विकणारा यांना कायदा आहे. 'मी नशेत होतो' ही सबब मी ऐकून घेणार नाही. पण गंमत अशी की गांजाच्या पुडीसाठी तत्परतेनं धावणारं ठाणं बायकोच्या डोक्यातून रक्त येत असताना 'घरचा मामला आहे, मिटवा' म्हणतं, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. ती तत्परता इकडे वळवा, एवढंच माझं म्हणणं.

दुसरा आक्षेप: 'दारूबंदी मागणाऱ्या आपण, आता हे कसं बोलणार?' मला यात विसंगती दिसत नाही. विकणाऱ्याला आवरा आणि घेणाऱ्याला सावरा, ही एकच गोष्ट आहे. बिहारकडे पाहा. बायकांच्या मागणीवरून २०१६ मध्ये तिथं दारूबंदी आली. मागणी योग्य होती. पण कायदा असा केला की पिणाराही तुरुंगात, आणि घरात बाटली सापडली तर घरातले सगळे प्रौढ जबाबदार. लाखो लोकांना अटक झाली, कोर्टं तुंबली आणि आत गेले ते बहुतांशी गरीब. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये कायदा सैल करावा लागला. जिच्यासाठी कायदा म्हणून सांगितलं, तीच जामिनासाठी दागिने मोडत होती.

मग आपण काय मागायचं?

मला सुचतं ते असं. अल्प प्रमाणात बाळगणं आणि सेवन यांसाठी अटक नको, कलम ६४-अ ची माहिती ठाण्यावर आणि कोर्टात देणं सक्तीचं असावं. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीचा विभाग हवा, औषधं फुकट हवीत आणि बायकांसाठी वेगळी, सुरक्षित जागा हवी, जिथं मुलं सोबत ठेवता येतील. घरातल्या बाईचा विचार उपचाराचा भाग असावा: तिला निवारा, रेशन, समुपदेशन मिळावं. तो सुधारेल तेव्हा सुधारेल, तोवर तिनं मरायचं का? माल घरात सापडला म्हणून बाईला आरोपी करताना तिच्यावर जबरदस्ती होती का, हे आधी तपासावं. सुटलेल्या मुलाला काम मिळावं. आणि विकणाऱ्यांवर, त्यांच्याकडून हप्ता घेणाऱ्यांवर खरी कारवाई व्हावी. मेफेड्रोन, म्हणजे आपली पोरं ज्याला एमडी म्हणतात ते, २०१५ पासून या कायद्यात आहे. त्यानंतरही पुण्याजवळ कारखान्यात ते शेकडो किलोंनी बनत होतं, हे २०२४ मध्ये उघड झालं. संडासामागच्या पोरांना पकडून तो कारखाना बंद पडला नव्हता.

हे सगळं मागितलं की 'पैसा कुठून आणायचा' असं विचारतील. एका कैद्याला वर्षभर पोसायला, खटला चालवायला, पोलिस पळवायला पैसा लागतोच ना?

पुढच्या बैठकीत आम्ही निवेदन बदललं. मोकळ्या जागेत दिवे लावा, बायकांच्या संडासाला दुसऱ्या बाजूनं वाट काढा, छेड काढणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा, माल पुरवणाऱ्याला पकडा, आणि महापालिकेच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस व्यसनमुक्तीचा डॉक्टर बसवा, असं लिहिलं. काही जणींना हे मिळमिळीत वाटलं, त्यांनी सही केली नाही. भांडण झालं, अजून मिटलेलं नाही. दिवे लागले आहेत. डॉक्टर आलेला नाही.

मावशींनी या वेळी सही केली. मग म्हणाल्या, "सुनेची तारीख सोमवारी आहे. कोणी येतं का बरोबर?" आम्ही दोघी जाणार आहोत. खटला अजून चालूच आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या वस्तीत काय अनुभव आहे, तुमच्या गटात यावर काय बोललं जातं, ते जरूर लिहून पाठवा. माझ्याशी मतभेद असेल तर आवर्जून पाठवा.